कुरळ्या केसांचे तेलपाणी

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात पालकसभा संपल्यावर सहावीतल्या एका मुलीची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, हिचे केस मी आता कापूनच टाकणार. रोज सकाळी रडारड. परवा तर रागाच्या भरात फणीच मारली." मुलगी शेजारीच मान खाली घालून उभी होती. दोन घट्ट वेण्या आणि त्यांतूनही कपाळावर सुटलेल्या कुरळ्या बटा. तिचं म्हणणं निराळंच. तिला पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून हवे होते.

मी विचारलं, "विंचरता कसे?"

"कोरडेच. मग वरून भरपूर तेल चोपडते, तरी केरसुणीसारखे ते केरसुणीसारखेच!"

सारी गोम इथेच आहे. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरतं. कुरळ्या केसाच्या वळणावळणांवर ते अडतं, म्हणून मुळाशी चिकट नि टोकाशी रखरखीत. त्यातून आपल्या नाशिकची कोरडी थंडी! आणि तेल म्हणजे ओलावा नव्हे, बरं का. ओलावा पाण्याचा, तेल तो फक्त धरून ठेवतं. कोरड्या केसांवर वाटीभर तेल ओतलंत तर उशीचा अभ्रा तेवढा खराब होईल.

तेल कोणतं म्हणाल, तर आपलं साधं खोबरेल. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना प्रसिद्ध केली. केसांतल्या प्रथिनाची झीज खोबरेलानेच लक्षात येण्याजोगी कमी झाली, कारण ते केसाच्या आत शिरतं. (कंपनी खोबरेल विकणारी आहे, हे मी विसरलेले नाही, पण आपल्या आज्यांचा अनुभवही तोच.) सुवासिक तेलाची बाटली घेताना मागची बारीक अक्षरं जरूर वाचा. पुष्कळांत मिनरल ऑइलच जास्त असतं. नुसतं एरंडेल तर लांब केसांना मुळीच लावू नका. दाट तेलाने गुंता असा बसतो की कात्रीच हाती घ्यावी लागते. हवंच असेल तर तीन चमचे खोबरेलात एक चमचा पुरे.

थंडीत खोबरेल थिजतं. बाटली गरम पाण्यात उभी करा, गॅसवर धरू नका. न्हाण्यापूर्वी तासभर केस पाण्याच्या हाताने ओलसर करून खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चमचे तेल लावा, तेही मधल्या भागापासून टोकांपर्यंत. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. न्हाऊन झाल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने नुसते दाबून टिपा. केस ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता काढा, मग वर सरका. शेवटी चार-पाच थेंब तेल तळहातावर चोळून केसांवरून फिरवा.

आणि हे विंचरणं शाळेच्या घाईत नको हो! रात्रीच पाण्याचा हात लावून गुंता काढायचा नि सैल वेणी घालून झोपवायचं. सकाळी दोन मिनिटांत वेण्या होतात.

केस सरळ करण्याबद्दल त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की, अशा काही औषधांतून ती तापवताना फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो, डोळे नि घसा चुरचुरतात. शिवाय मुळाशी येणारा नवा केस कुरळाच उगवतो.

परवा तिची आई बाजारात भेटली. रात्री जेवणं आटोपली की दोघी टीव्हीसमोर कंगवा घेऊन बसतात म्हणे. फणी मारावी लागलेली नाही. पार्लरचा हट्ट मात्र अजून सुटलेला नाही!