शिक्षणाचा अभ्यास कोणी करावयाचा?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याच्या माळावर, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी प्रयोगशाळा उभारण्यात येत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास संमती दिली. त्याच जिल्ह्यात वसमतला हळदीच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन करण्याचा निर्णय २०२२ मध्ये राज्य शासनाने घेतला. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला विज्ञान आले तर त्यात वावगे काय? एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरांची टक्कर झाली आणि तिचा क्षीण तरंग २०१५ साली अमेरिकेतील यंत्रांनी टिपला. असले तरंग टिपणारे यंत्र औंढ्यात यावे, ही अभिमानाचीच बाब होय. परंतु त्याच औंढ्याच्या एखाद्या तांड्यावरील चौथीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नसेल तर ते का, याचा शोध घेण्यासाठी पगार देऊन माणूस नेमावा असे मात्र कोणास वाटलेले नाही. हळदीच्या गड्ड्यास जे भाग्य लाभले ते हिंगोलीच्या मुलास अद्याप लाभावयाचे आहे.

असा शोध घेऊ इच्छिणारी माणसे जिल्ह्यात नाहीत, असे म्हणता येणार नाही. सेनगाव, कळमनुरीसारख्या तालुक्यांतून शिक्षणशास्त्रात एम. एड. झालेले, नेट अथवा सेट उत्तीर्ण झालेले, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे पीएच. डी. साठी नाव नोंदविलेले तरुण-तरुणी आज आहेत. यांतील कित्येक जण आपल्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेले पहिलेच. त्यांच्यापुढे वाटा कोणत्या? महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवावे. म्हणजे तास घेतला तर मोबदला, सुट्टी लागली की काही नाही, आणि तोही मोबदला हाती पडेल तेव्हा खरा. अधिछात्रवृत्ती मिळाली तर काही वर्षे निभावतात. पण ती मंजूर व्हावी आणि वेळेवर मिळावी म्हणून राज्यातील संशोधक विद्यार्थ्यांना अलीकडच्या काळात मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले आहे. तिसरी वाट स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्पांची. तेथे अकरा महिन्यांचा करार, हाती प्रश्नावली, वाडीवस्तीवरची पायपीट. भरलेली प्रश्नावली महानगरात जाते, अहवाल तेथे इंग्रजीत लिहिला जातो, आणि ज्याने उन्हातान्हात दारोदार फिरून ती भरली त्याचे नाव फार तर आभाराच्या पानावर येते. माहिती गोळा करणे मराठवाड्याने आणि तिचा अर्थ लावणे पुण्यामुंबईने, ही श्रमविभागणी जुनी आहे. कच्चा कापूस येथून जावा आणि कापड तिकडून यावे, त्यातलाच हा प्रकार.

वस्तुतः या कामासाठी जिल्ह्यात संस्था हवी, हे शासनाने कधीच मान्य केलेले आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची कल्पना निघाली आणि त्यानंतरच्या वर्षांत देशभर त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या रचनेत सात शाखा होत्या. शिक्षकांचे प्रशिक्षण हे त्यांचे एक काम, तर जिल्ह्यातील शिक्षणाच्या प्रश्नांवर कृतिसंशोधन करणे हे दुसरे. पुण्याची राज्य परिषद तर आपल्या नावातच ‘संशोधन’ हा शब्द ‘प्रशिक्षण’ शब्दाच्या आधी धारण करते. १९६४ साली राज्य शिक्षणसंस्था म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९८४ मध्ये परिषद झाली. नाव मोठे, परंतु व्यवहार? जिल्हा संस्थांतील अधिव्याख्यात्यांची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवावयाची, शाळेवरचे शिक्षक प्रतिनियुक्तीवर आणून वेळ भागवावयाची, आणि जे उरतात त्यांना प्रशिक्षणवर्ग, परीक्षा, पोर्टलवरील माहिती व तातडीची परिपत्रके यांत गुंतवून टाकावयाचे. संशोधनाला उरतो तो मार्च महिना. कारण अनुदान त्यापूर्वी खर्ची पडले पाहिजे. २०२० च्या नव्या धोरणानंतर या संस्थांना उत्कृष्टतेची केंद्रे करण्याची घोषणा झाली आहे. इमारती दुरुस्त होतील, पडदे नि यंत्रेही येतील. माणसे येतील काय, हा प्रश्न आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत परंपरा नाही असे नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन सादर केले ते शिक्षणसंशोधन नव्हे तर काय होते? शेतकऱ्यांच्या श्रमातून आलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा निष्कर्ष त्या वेळच्या कोणत्याही प्राध्यापकाने काढला नव्हता. जे. पी. नाईकांनी १९४८ मध्ये भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून त्यांनीच देशाच्या शिक्षणाचा लेखाजोखा मांडण्याचे काम तडीस नेले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात जाऊन खेड्यातील शाळांत विज्ञान कसे शिकवावे याचा अभ्यास केला. प्रयोगशाळेतील माणसे खेड्यात जाऊन बसली की काय घडते, हे त्या उपक्रमाने दाखविले. दुर्दैव इतकेच की असे उपक्रम व्यक्तींच्या तळमळीवर चालले. त्यातून कायम पदांची, जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरलेली व्यवस्था निर्माण झाली नाही. कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा असे सुचविले, त्याला अर्धशतक उलटून गेले. नव्या धोरणातही तोच सहाचा आकडा पुन्हा छापलेला आहे.

आणि जेथे पदे आहेत तेथे त्यांचे आयुष्य किती? जून २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ५५ अध्यापक व सुमारे ६० अन्य कर्मचारी यांना, न्यासाचा निधी आला नाही म्हणून, कामावरून कमी केल्याच्या नोटिसा दिल्या. गदारोळ झाला, निधीचे आश्वासन मिळाले आणि दोनच दिवसांत नोटिसा मागे घेण्यात आल्या. त्या दोन दिवसांनी एक गोष्ट मात्र उघड केली: वर्षानुवर्षे शिकविणारा, संशोधन करणारा माणूस दात्याच्या एका धनादेशावर लटकत असतो. मुंबईत आवाज उठविणारे होते. कळमनुरीत प्रकल्प बंद पडला तर त्याची बातमीही होत नाही.

हिंगोलीत अभ्यासण्याजोगे काय आहे, असे विचारणाऱ्यांनी एकदा दसऱ्यानंतर जिल्ह्यात यावे. ऊसतोडीला व वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबांबरोबर मुले जातात. ती हंगाम संपल्यावर परततात तेव्हा वर्गाशी त्यांचा सांधा कसा जुळतो, की जुळतच नाही? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. पटावर नाव असणे आणि शिकणे यांतील अंतर कोणी मोजले आहे? बंजारा तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते आणि पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीच्या पुस्तकापुढे बसते; तिथे नेमके काय अडते? आंध आदिवासींच्या मुली आश्रमशाळेतून कोणत्या इयत्तेत गळतात, आणि का? २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. एका तांड्याची शाळा बंद झाली तर पुढच्या गावापर्यंत किती मुली चालत जातील, याचे उत्तर मंत्रालयातील नकाशावर सापडत नाही. ते शोधावयाचे तर वर्ष-दोन वर्षे तेथेच राहणारा, ती भाषा जाणणारा माणूस लागतो. २००५ पासून ‘असर’ची पाहणी देशाला आरसा दाखवीत आली आहे, आणि ती अनेक ठिकाणी स्थानिक स्वयंसेवकांच्या बळावर चालते, हे तिचे मोलच. पण मुलाला वाचता येत नाही एवढे आरसा सांगतो. का येत नाही हे सांगण्यासाठी वैद्य नेमावा लागतो, आणि वैद्याला वेतन द्यावे लागते.

शाळेला शिक्षक नाहीत तेथे संशोधक कसले मागता, असा आक्षेप येईल. तो निरुत्तर करणारा नाही. शिक्षकांच्या रिक्त जागा भरल्याच पाहिजेत. परंतु उपाशी माणसाला भाकरी हवी म्हणून शेतीचे संशोधन थांबवा, असे परभणीच्या कृषी विद्यापीठाला कोणी सांगितले नाही. आणि येथे मागणी तरी केवढी? जिल्हा संस्थेतील मंजूर पदे पूर्ण वेतनावर भरावीत. त्यांतील संशोधनाच्या पदांवर प्रशिक्षणाची व परिपत्रकांची कामे लादू नयेत. प्रत्येक तालुक्यासाठी किमान एक संशोधन सहायक असावा आणि त्या भागाची बोली येणे ही त्या पदाची अर्हता मानावी. प्रत्येक अहवाल मराठीत छापून ग्रामसभेपुढे ठेवावा, त्यावर पाहणी करणाऱ्याचे नाव लेखक म्हणून असावे. हिंगोलीत पाच तालुके आहेत. म्हणजे पाच सहायक. १९९९ च्या महाराष्ट्र दिनी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आता पंचविशी ओलांडून गेला आहे. जिल्हा परिषदेच्या पुढील अंदाजपत्रकात या पाच वेतनांची तरतूद मागणारा ठराव कोणता सदस्य मांडतो, हे हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत येथील मतदारांनी आपापल्या सदस्यास विचारावे.