भित्रा म्हटलेला सेनापती

बालमित्रांनो, तुमच्या जिल्ह्याला त्याचं नाव कसं पडलं, ठाऊक आहे का? माझ्या चौथीच्या वर्गात हे विचारलं, की निम्मे हात वर होतात आणि बरीचशी उत्तरं ऐन वेळी रचलेली असतात! आज दूरच्या एका जिल्ह्याच्या नावाची गोष्ट सांगतो. ही मात्र रचलेली नाही हं.

अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचं राज्यसुद्धा आहे, नुसतं शहर नव्हे. तिथे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. त्यातल्या एका काउंटीचं नाव हर्किमर. (तिथे ‘हर्किमर हिरे’ही सापडतात. पण ते हिरे नव्हेतच, गारगोटीचे चकचकीत स्फटिक!)

साल १७७७. अमेरिकेतल्या १३ वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या होत्या. मोहॉक नदीच्या खोऱ्यात निकोलस हर्किमर नावाचा शेतकरी राहायचा. घराणं जर्मनीतून आलेलं, त्यामुळे इंग्रजी यथातथाच. तो तिथल्या मिलिशियाचा सेनापती होता. मिलिशिया म्हणजे गावकऱ्यांची फौज. एरवी नांगर धरायचा, बोलावणं आलं की बंदूक.

ऑगस्टमध्ये बातमी आली, की इंग्रजांनी स्टॅनविक्स किल्ल्याला वेढा घातलाय. हर्किमर सुमारे ८०० माणसं घेऊन निघाला. सोबत ओनायडा जमातीचे योद्धे होते. त्याने किल्ल्यात जासूद पाठवले. निरोप असा, की तुम्ही तोफेचे तीन बार काढा, मग आम्ही पुढे येतो.

६ ऑगस्टची सकाळ झाली, पण बार काही ऐकू येईनात. हर्किमर म्हणाला, थांबू या. त्याच्या हाताखालचे अधिकारी मात्र चिडले. कुणी त्याला भित्रा म्हणालं, कुणी म्हणालं हा आतून राजाचाच माणूस. हे फार लागलं असणार, कारण त्याचा सख्खा भाऊ खरोखरच इंग्रजांकडे होता! शेवटी त्याने कूच करायचा हुकूम दिला.

ओरिस्कनीजवळ वाट एका घळीत उतरते. तिथे शत्रू दबा धरून बसला होता. त्यात राजाच्या बाजूचे अमेरिकन होते आणि मोहॉक व सेनेका योद्धेही. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की हे दोघे ओनायडांचे भाऊबंदच. तिन्ही जमाती एकाच संघातल्या.

चहूबाजूंनी गोळ्या सुटल्या. हर्किमरचा घोडा पडला, त्याचा पाय फुटला. त्याने खोगीर काढून बीचच्या झाडाखाली ठेवायला सांगितलं, त्यावर बसला, पाईप पेटवला आणि तिथूनच हुकूम देऊ लागला. मध्येच मुसळधार पाऊस आला आणि लढाई तासभर थांबली. तेवढ्यात त्याने एक गोष्ट हेरली. बंदुका ठासणीच्या. एक बार झाला की पुन्हा भरेपर्यंत शत्रू कुऱ्हाड घेऊन अंगावर येई. मग त्याने दोघादोघांच्या जोड्या लावल्या. एकाने झाडायची, तोवर दुसऱ्याने भरायची. ओनायडांच्या हॅन येरीच्या मनगटाला गोळी लागली, तर त्याची बायकोच त्याला बंदूक भरून देत होती!

अखेर शत्रू मागे हटला, पण मिलिशियाची शेकडो माणसं गेली. हर्किमरला घरी नेलं. तिथे पाय कापावा लागला, रक्त थांबेना आणि १६ ऑगस्टला तो वारला. वेढा त्याच महिन्यात उठला.

चूक कुणाची? अधिकारी उतावळे होते, हे खरंच. पण सेनापती तो होता. ‘थांबा’ म्हणणं त्याच्या हातात होतं. मला तरी त्याला पूर्ण मोकळं सोडवत नाही.

१७९१ मध्ये नवी काउंटी झाली, तिला त्याचं नाव दिलं. पण नकाशा तिथे थांबला नाही. १७९८ मध्ये तिचा तुकडा काढून आणखी एक काउंटी केली, आणि ओरिस्कनीची घळ गेली त्या नव्या काउंटीत. म्हणजे हर्किमर जिथे लढला, ती जागा आज हर्किमर काउंटीत नाहीच! नव्या काउंटीचं नाव ठेवलं ओनायडा. त्याआधी दहा वर्षं, १७८८ च्या करारात, ओनायडांची बहुतेक जमीन न्यूयॉर्क राज्याने घेतली होती. नाव तेवढं राहिलं.

तुम्ही त्या सकाळी सेनापती असता, तर तोफेची वाट पाहिली असती का? पत्रातून जरूर कळवा.