फ्लॉपी खराब झाली की कीबोर्ड मुका का होतो?

एन्सॉनिक कंपनीचा ‘मिराज’ हा १९८०च्या दशकातला सॅम्पलर कीबोर्ड नुसता चालू करून वाजत नाही. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम आणि आवाज, दोन्ही साडेतीन इंची फ्लॉपीवरून लोड करावे लागतात. सोनीने २०११ मध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली. जुन्या फ्लॉपींना बुरशी लागते, चुंबकीय थर खराब होतो.

मग उपाय काय? जुन्या ड्राइव्हच्या जागी ‘गोटेक’सारखा एम्युलेटर बसवता येतो. एका पेन ड्राइव्हवर शेकडो फ्लॉपींच्या प्रती मावतात. पण त्यासाठी मूळ फ्लॉपी वाचता यायला हवी. कंपनीने दिलेले आवाज दुसरीकडे मिळू शकतात. संगीतकाराने स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज मात्र एकाच फ्लॉपीवर असेल, तर तो कायमचा जातो. म्हणूनच ड्राइव्ह नंतरही बदलता येईल, प्रती आधी काढायला हव्यात.