‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ म्हणजे किती?

तान्ह्या बाळाच्या साबणावर ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ असे छापलेले दिसले की ग्राहक निःशंकपणे अधिक दाम मोजतो. शब्दाचा अर्थ मात्र ‘अ‍ॅलर्जीची शक्यता कमी’ एवढाच. कशापेक्षा कमी, हे वेष्टन सांगत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये या दाव्यासाठी माणसांवरील तुलनात्मक चाचणी सक्तीची केली. अल्मे व क्लिनीक या कंपन्या न्यायालयात गेल्या. १९७७ मध्ये अपिलात तो नियम अवैध ठरला. तेव्हापासून तेथे या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही. (दुकानदाराच्या तराजूला मात्र सरकारी शिक्का लागतो!) ज्याच्या त्वचेला एखादे द्रव्य सोसत नाही, त्याने वेष्टनाच्या मागील बारीक अक्षरांतील घटकांची यादीच वाचावी. तेथेही ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दाआड अनेक सुगंधी द्रव्ये दडलेली असू शकतात.