तंबू मोजून काय होणार?

पावसाळ्याचा हंगाम सरला की आमच्या रिद्धपूरच्या कचेरीत पत्रांचा ढीग पडतो. यंदाच्या ढिगात रड एकच आहे. परवानगी मिळाली, क्षमता ठरली, पण ती तपासायला येणाऱ्याला नेमकं काय मोजायचं तेच ठाऊक नाही.

चिखलदऱ्याच्या पायथ्याशी कॅम्प चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र सगळ्यांच्या वतीनं बोलतं. त्यांच्या कागदावर ‘तंबू १२’ एवढंच लिहिलेलं. पथक आलं ते मंगळवारी, सकाळी अकराला. पाहुणा एकही नाही, गाद्या उन्हात टाकलेल्या. पथकानं चौदा तंबू मोजले. त्यातला एक स्वयंपाकाचा, एक सामानाचा. दोन जादा म्हणून नोटीस लागली. यांनी खुलासा दिला, तर त्यावर शेरा आला की परवान्यात तंबूच्या वापराचा उल्लेख नाही, सबब सर्व तंबू निवासी धरण्यात येत आहेत. आमचे वाचक लिहितात, ‘‘तंबू मोजून गेले साहेब, मानसं मोजाले कोनीच नाई आलं.’’ शेवटी त्यांनी दोन-दोन माणसांचे दोन तंबू उतरवले आणि त्यातली गिऱ्हाइकं शनिवारी उरलेल्या दहांत कोंबली. पुढच्या खेपेला पथकानं बारा मोजले, सही केली आणि चहा घेऊन निघून गेलं. मर्यादा पाळली गेली आणि गर्दी वाढली.

यावर हसून झालं असेल तर पुढचं ऐका. आपल्यातल्याच काही हुशार मंडळींनी याचा धडा फार लवकर घेतला. तंबूंचा आकडा बांधलेला, माणसांचा मोकळा. मग दोनमाणशी तंबू विकायचे आणि आठमाणशी घ्यायचे. वीस तंबूंचा परवाना तोच, पण निजणारी माणसं चाळीसची एकशे साठ. कागदावर बोट ठेवायला जागा नाही. संडास मात्र तेच तीन.

दोष एका कचेरीचा नाही. प्रत्येकाचं माप वेगळं, ही खरी गोम आहे. २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केली तर खोल्या मोजतात. २४ ऑगस्ट २०२१च्या साहसी पर्यटनाच्या शासन निर्णयाखाली गेलात तर प्रशिक्षक, प्रथमोपचार, बचावाची साधनं यांची विचारणा होते. ती व्हायलाच हवी, पण रात्री तंबूत किती जण झोपले याच्याशी तिचा संबंध नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या फाटकावर गाड्या मोजतात; २०१२च्या मार्गदर्शक सूचनांपासून वहन क्षमतेचं गणितच गाड्या आणि फेऱ्यांत मांडलं जातं. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघाला तर तो घड्याळ मोजतो, अमुक वाजल्यानंतर थांबू नये म्हणून. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला तर काहीच मोजत नाही, पावती फाडतो. राहता राहिलं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र. तिथल्या अधिसूचनांत नवी हॉटेलं, रिसॉर्ट नकोत, पण निसर्ग पर्यटनासाठी छोटी तात्पुरती बांधकामं चालतील, असं ठरीव कलम असतं. छोटी म्हणजे केवढी आणि किती जणांसाठी, ते स्थळपाहणीला आलेल्या साहेबाच्या मर्जीवर. एवढ्या कागदांतून एकही कागद असा प्रश्न विचारत नाही, की आज रात्री तुमच्या आवारात किती डोकी आहेत?

आता तंबूचंच बघू. बाजारात ‘चार माणसांचा’ म्हणून मिळणारा डोम साधारण सात बाय आठ फुटांचा असतो. छप्पन्न चौरस फूट, म्हणजे माणशी चौदा. युद्ध आणि भूकंपानंतरच्या छावण्यांसाठी जगभरच्या मदत संस्था जी ‘स्फिअर’ मानकं वापरतात, त्यांत निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे सदतीस-अडतीस चौरस फूट. शिवाय वीस माणसांमागे एक संडास आणि दोन निवाऱ्यांमध्ये आग पसरू नये म्हणून किमान दोन मीटर अंतर. कुणी म्हणेल, निर्वासितांना तिथं महिने काढायचे असतात, आपला पाहुणा एका रात्रीचा. कबूल. जागेचं माप निम्म्यावर आणा. तरीही त्या डोममध्ये तीनच माणसं बसतात. संडासाच्या आणि आगीच्या बाबतीत मात्र एका रात्रीची सवलत कुठली? तंबूचे दोर एकमेकांत अडकतील इतके ते जवळ ठोकायचे, मधे शेगडी पेटवायची आणि पलीकडे गॅसची टाकी, हे दृश्य आपल्या पट्ट्यात नवं नाही.

आमच्या भागात, म्हणजे मोर्शी-वरुड-चांदूर बाजारच्या संत्रापट्ट्यात, माणसांची मर्यादा ठरवायला कुठल्याही साहेबाची गरज नाही. विहीर ती ठरवते. वरुड-मोर्शीचं भूजल अतिशोषित यादीत गेलं त्याला वर्षं झाली. रिद्धपूरला २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, तेव्हापासून ‘बगीच्यात चार तंबू टाकू का?’ असं विचारणारे बागाइतदार आमच्याकडे वाढलेत. टाका, पण हिशेब करून टाका. जल जीवन मिशन गावात माणशी रोज ५५ लिटर धरतं. सुटीवर आलेला शहरी पाहुणा त्यात भागवत नाही, १०० धरा. उन्हाळ्यात संत्र्याच्या मोठ्या झाडालाही ठिबकवर रोज तेवढं, किंबहुना त्याहून जास्त लागतं. तेव्हा एक पाहुणा म्हणजे एक झाड. चाळीस पाहुणे आले की चाळीस झाडांचं ओलीत गेलं.

यात वेळेचा एक फायदा आहे, तो फार थोड्यांनी ओळखला. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आगेमागे, पाहुण्याला झाडावरचं फळ हातानं तोडायचं असतं ते तेव्हाच. त्यानंतर डिसेंबरात बाग ताणावर असते, पाणी तोडलेलं असतं आणि विहिरीला उसंत असते. तेव्हा तंबू भरले तर बिघडत नाही. जानेवारीत ताण तोडून ओलीत सुरू झालं, की त्याच विहिरीवर बाग आणि पाहुणे दोघे येतात, त्यात कृषी पंपाची लाइन कधी दिवसा तर कधी रात्री. म्हणजे आपली मर्यादा वर्षभर एक असूच शकत नाही. डिसेंबरात चाळीस, फेब्रुवारीत वीस, एप्रिल-मेमध्ये शून्य, असंही असू शकतं. नोंदणीच्या एका तरी नमुन्यात महिन्यागणिक क्षमता लिहायला रकाना आहे का? आम्ही शोधून दमलो.

अंमलबजावणी म्हणजे बोर्ड, ही समजूत तर आता सोडायलाच हवी. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं लागलेला होता. फलकाला माणसं थांबवता येत नाहीत, माणसालाच ती थांबवावी लागतात. अपघातानंतर निघणारे बंदी-आदेशही बहुधा फलकाच्याच जातीचे. पहिले दोन शनिवार-रविवार पोलीस उभे राहतात, तिसऱ्याला ते बंदोबस्ताला दुसरीकडे जातात.

मग मोजायचं कसं? अमेरिकेत योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात तंबूच्या एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसं, लहान पोरंसुद्धा त्यातच धरून. तंबू किती, हा मुख्य प्रश्नच नाही. जागा ठरलेली, डोकी ठरलेली. एवढ्या लांब जायचं नसेल तर साताऱ्याला जा. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, आणि ती राबवायला आसपासच्या गावांतली संयुक्त वन व्यवस्थापन समितीची माणसं फाटकावर उभी असतात. त्यांचं उत्पन्न त्या फाटकावर आहे, म्हणून त्यांना आकड्याची चाड आहे. तिथंही गोंधळ होतात, आम्ही कासची आरती ओवाळत नाही. पण मोजणारा गावचा असतो, जिल्ह्याच्या ठिकाणाहून मंगळवारी जीप घेऊन येत नाही.

अधिकाऱ्यांना आमचं मागणं त्यामुळे थोडकं आहे. एकच माप ठेवा, रात्रीची डोकी. ते सगळ्या कागदांवर सारखं लिहा. त्याला संडास आणि पाणी जोडा, महिन्याचा रकाना ठेवा. आणि तपासणी शनिवारी रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान करा, साहेबांच्या सुट्टीचं आम्हाला वाईट वाटतं तरीही. मंगळवारी सकाळी अकराला आमच्याकडे फक्त वानरं असतात.

आता आपल्या माणसांकडे वळतो, कारण साहेबांना नावं ठेवणारं पत्र लिहायला शाई कमी पडत नाही, पण स्वतःचा आकडा विचारला की पेन वाळतं. गेल्या काही महिन्यांत आम्ही कॅम्पचालकांना फोन करून एकच प्रश्न विचारला, तुमच्याकडे रात्रीला जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात? सरळ आकडा फार थोड्यांनी सांगितला. बाकीचे म्हणाले, ‘तसं अ‍ॅडजस्ट होतं.’ हे अ‍ॅडजस्ट होणं एकतीस डिसेंबरला काय रूप घेतं ते सर्वांना माहीत आहे. आगाऊ पैसे घेतलेले, शिवाय दारात चार गाड्या उभ्या, आणि नाही म्हणायची हिंमत कुणात नाही.

हे असंच चाललं तर आपल्या वतीनं दुसरंच कुणीतरी नाही म्हणेल. ऋषिकेशला गंगेच्या वाळूवरचे कॅम्प बोकाळले, तेव्हा हरित लवादानं डिसेंबर २०१५ मध्ये ते चालवायला मनाई केली. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्कामच बंद केला आणि दिवसाची संख्या दोनशेवर आणली. नीट चालवणारा आणि कोंबणारा असा भेद त्या आदेशांनी केला नाही, तसा तो करणारही नव्हते. आपल्या उशाशी मेळघाट आहे. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन एका अंतरिम आदेशानं थांबवलं होतं, ते ऑक्टोबरात मोकळं झालं. आपल्यातल्या ज्यांची जिप्सी त्या दिवसांत अंगणात उभी होती, त्यांना जास्त सांगायला नको.

म्हणून कृपया उठा, आणि हा अंक खाली ठेवायच्या आधी स्वतःचा आकडा काढा. संडास गुणिले वीस, हा पहिला. टाकीतलं भरवशाचं रोजचं पाणी भागिले शंभर, हा दुसरा. तंबूगणिक खरोखर ताणून निजता येतील अशी माणसं, हा तिसरा. तिन्हींत जो सर्वांत लहान, तोच तुमचा. तो दरात लिहा, बुकिंगच्या पावतीवर छापा आणि फाटकावर रंगवा. फाटकावर रंगवल्यावर तिथं एक माणूसही बसवा, नाहीतर तोही कुंडमळ्याचाच फलक. रोज रात्री नऊला डोकी मोजून वहीत लिहा आणि खाली सही करा. पोरं वगळू नका, ड्रायव्हर वगळू नका. ड्रायव्हर गाडीत झोपतो, संडासाला मात्र तुमच्याकडेच येतो.

महिन्यागणिक आकड्यांचा कोरा तक्ता या अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. तो भरून नोव्हेंबरच्या १५ तारखेपर्यंत कचेरीत पोचवा. आलेले तक्ते एकत्र बांधून आम्ही ते नोंदणी करणाऱ्या कचेऱ्यांत स्वतः नेऊन देऊ, आणि ज्यांनी पाठवले त्यांची यादी डिसेंबरच्या अंकात छापू. ज्यांनी पाठवले नाहीत त्यांच्या तपासणीच्या तक्रारी मात्र जानेवारीपासून या पानांत येणार नाहीत.