घर बांधणारे आणि नगर चालविणारे

गिरणी-गोदीत राबलेल्या आपल्या मागच्या पिढ्यांनी सरकारी चाळींत संसार केले. मुंबईत प्लेग आल्यानंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्याने बी. आय. टी. चाळी बांधल्या. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. १९३३ साली हा ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला. घर बांधणारा एक आणि नगर चालविणारा दुसरा, ही रीत अशी जुनी आहे. नवी मुंबईत ती आजही चालू आहे.

१९७० साली सिडको स्थापन झाली. ९५ गावांच्या जमिनीवर तिने उपनगरे आखली. आपले सानपाडा त्यांतलेच. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महापालिका आली. जमीन व भाडेपट्टा सिडकोकडे; पाणी, कचरा, रस्ते, दिवाबत्ती व आरोग्य महापालिकेकडे. कुंपणाच्या आतली टाकी, गच्ची व जिने सांभाळायचे ते आपल्या सोसायटीने. या तिघांनी एकमेकांकडे बोट दाखविले की हाल रहिवाशांचे होतात.

नुसत्या घरांनी वस्ती फुलत नाही, हे वाशीने दाखविले. खाडीपूल १९७३ साली झाला, घरेही उभी राहिली. पण रोज मुंबईत कामाला जाणाऱ्या माणसाला रेल्वे हवी होती. ती १९९२ साली आली. त्या मार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने व ३३ टक्के रेल्वेने उचलला. पुढे सानपाड्यालाही स्थानक मिळाले. दोन खाती एकत्र बसली म्हणूनच आपल्या माणसांना वेळेवर कामाला पोहोचता येऊ लागले.

आता त्याहून कठीण काम समोर आहे. सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींचे छत गळते, प्लास्टर पडते. तीस वर्षे झालेल्या इमारतीची संरचना तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. महापालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करावयाची; ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची; ‘सी-२ बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करावयाची; ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आपली इमारत कोणत्या वर्गात आहे, हे किती घरांना ठाऊक आहे?

इमारत पाडून नवी बांधायची तर जमिनीसाठी सिडकोची संमती व बांधकामासाठी महापालिकेची परवानगी लागते. पण पहिला निर्णय सोसायटीच्या सभेत होतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्के सभासदांची संमती हवी, आणि विकासक निवडताना निबंधकांनी नेमलेला अधिकारी सभेत हजर असावा लागतो. हा नियम एका खोलीत राहणाऱ्या सभासदाचेच रक्षण करतो. परंतु आम्ही ज्यांचे अर्ज लिहून देतो, त्यांतले पुष्कळजण सभेला जातच नाहीत. “शिकलेली माणसे ठरवतील,” असे म्हणतात. पुढे कोऱ्या कागदावर सही मागायला कुणी दारात आले, की मग धावपळ होते. तोवर नवे घर किती फुटांचे, मधल्या काळातले भाडे कोण देणार, हे दुसऱ्यांनीच ठरविलेले असते.

म्हणून बंधू-भगिनींनो, एवढे कराच. ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सभेला घरातले एक माणूस गेलेच पाहिजे. घराच्या करारनाम्यावर पत्नीचेही नाव घाला. तक्रार तोंडी करू नका; अर्ज द्या व आवक क्रमांक घ्या. उत्तर नाही आले तर दहा रुपयांत माहितीचा अर्ज करता येतो. आणि सिडको, महापालिका व सोसायटी यांची संयुक्त बैठक मागा. एकट्याने मागितली तर कुणी दखल घेत नाही, शंभर सह्यांनी मागितली तर तारीख मिळते.

ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांच्या शेजारी कॉलेजात जाणारा मुलगा वा मुलगी असेलच. त्यांनी या रविवारी एक तास द्यावा, एवढीच आमची विनंती.