मुक्कामी गाडी

पंचांगाचा दिवस सूर्योदयाला उगवतो आणि विमान कंपनीचा मध्यरात्री बाराच्या ठोक्याला. एवढी साधी गोष्ट मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळली, आणि तीसुद्धा थोरल्या बहिणीचे विमान चुकता चुकता राहिले तेव्हा. 'शब्द नीट वाचा' म्हणून वर्गातल्या मुलांना मी गेली वीस वर्षे बजावतो आहे. तिकिटावरचा आकडा मात्र मी स्वतःच नीट वाचला नव्हता.

पेठ आमचे गाव. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने खेडचा घाट चढून गेले, की मंचरच्या अलीकडे लागते. आक्का आम्हा भावंडांत थोरली. तिची लेक अमेरिकेत असते. लेकीचे पहिले बाळंतपण, आणि आक्काने आजवर विमान पाहिले ते फक्त शेतात उभे राहून, मान वर करून. इंग्रजी येत नाही, हिंदी येते ती बाजारापुरती. "लेकीचं बाळंतपण आईनं करायचं नाही तर काय शेजारणीनं?" असे म्हणून ती पासपोर्टाच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.

तिकिटावर लिहिले होते: गुरुवार, २ वाजून ३५ मिनिटे. घरात सगळ्यांनी धरून चालले, की गुरुवारी रात्री जेवून-खाऊन जायचे. बुधवारी सकाळी अकराला मी ओट्यावर निवांत चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, कुठवर पोचलात?"

"कुठवर म्हणजे? उद्या निघायचंय ना?"

पलीकडे क्षणभर काही आवाजच आला नाही. मग ती म्हणाली, "मामा, आज रात्री बारानंतर गुरुवारच लागतो हो!"

पुढचा दीड तास आमच्या घरात जे झाले त्याचे वर्णन करीत नाही. ज्यांच्या घरात मुलीचे लग्न झाले आहे त्यांना ते कळेल. वाचकांना एवढेच सांगतो, की मध्यरात्र ते पहाट या वेळेचे तिकीट हाती आले, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात आदल्या दिवसाभोवती तांबड्या शाईने गोल करावा आणि शेजारी लिहावे, 'आज निघणे'. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने याच आडवेळी सुटतात. म्हणजे ही चूक करायला जागा भरपूर आहे.

पेठेपासून मुंबईचा विमानतळ चांगलाच लांब. साडेबाराला निघालो. चाकणला गाड्यांच्या गर्दीत तासभर गेला. पुढे द्रुतगती मार्ग लागला तेव्हा कुठे माझ्या छातीतले धडधडणे थांबले. आक्का मागच्या बाकावर शांत होती. उशीर होणार म्हणून आम्ही असे पळालो, की संध्याकाळी साडेसातलाच विमानतळाच्या दारात हजर! आता विमानाला सात तास होते.

मुंबईत एक गोष्ट आधी पाहावी लागते. टर्मिनल दोन आहेत, पहिले सांताक्रूझच्या बाजूला आणि दुसरे सहारला. एकाचा रस्ता धरून दुसऱ्याच्या दारात उतरलात, तर पुन्हा टॅक्सी करून गर्दीतून जावे लागते. तेव्हा टर्मिनलचा आकडा तिकिटावर पाहून ठेवावा. सहारची नवी इमारत २०१४ साली सुरू झाली. दारात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान उभा असतो. तो तिकीट आणि पासपोर्ट पाहून आत सोडतो. ज्याच्याजवळ तिकीट नाही, तो सख्खा भाऊ असला तरी बाहेरच.

हे मला ठाऊक होते, पण दारात उभे राहिल्यावर ते निराळेच वाटले. आक्काला आत पाठवले, की पुढची सगळी रात्र ती एकटी. सामान घेण्याची खिडकी साधारण तीन तास आधी उघडते आणि तासभर आधी बंद होते. तोवर बॅगांची राखण आपणच करायची. म्हणून मी म्हटले, साडेदहापर्यंत बाहेरच बसू. भाच्याने तेवढ्यात आत न्यायची पिशवी तपासली. औषधे, चष्मा, शाल आणि फोनची बॅटरी हातातल्या पिशवीत. लोणचे आणि तूप मोठ्या बॅगेत, कारण पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरहून अधिक आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि आत भरून घ्यावी. वाटेत विमान बदलायचे होते. सामान थेट अमेरिकेपर्यंत जाईल ना, हे खिडकीवर विचारायचे. आणि अमेरिकेत उतरल्यावर, पुढे दुसरे विमान असले तरी, बॅगा एकदा स्वतः ताब्यात घ्याव्या लागतात, हेही तिला पढवले. एका कागदावर मी मराठीत आणि इंग्रजीत सगळे लिहून दिले.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाता खाता मला आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ च्या एप्रिलात, वयाच्या अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने समुद्रावर. मी आक्काला ते सांगितले. तिला धीर यावा हा हेतू. ती म्हणाली, "अन् तू एका रात्रीसाठी घाम पुसतोयस व्हय?"

साडेदहा वाजले. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवली होती. वयस्कर माणसांनी ती जरूर नोंदवावी; खुर्ची ढकलणारा माणूस खिडकी, पासपोर्ट आणि झडती अशा सगळ्या रांगांतून सोबत नेतो. इंग्रजी न येणाऱ्याला तोच दुभाषी. मुलगा आला. सुदैवाने मराठी बोलणारा. आक्काने खुर्चीकडे पाहिले. "मी काय पांगळी आहे? लेकरा, तू नुसती वाट दाखव." तिने आपली पिशवी खुर्चीत ठेवली आणि आपण बाजूने चालू लागली. दारात तिने मागे वळून पाहिले नाही. मी मात्र काचेपलीकडे तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो.

विमान उडेपर्यंत हलायचे नाही, असे मी आणि भाच्याने ठरवले. मला एकच काळजी होती. आत गारठा असतो, खुर्च्या मऊ असतात आणि अनेक मोठ्या विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची हाक देत नाहीत. फळ्यावरचा आकडा आपणच पाहायचा. आक्काला डुलकी लागली तर? दर अर्ध्या तासाने फोन करायचा, असे मी तिला बजावले होते.

गाडीत बसलो. डोळे उघडले तेव्हा सव्वादोन वाजले होते. फोनवर आक्काच्या तीन हाका पडून होत्या. घाबरून मी फोन लावला.

"झोपला होतास ना?" ती म्हणाली. "मी विमानात बसले. बाजूला एक पंजाबी म्हातारी आहे, तिला दशमी दिली. ती पण लेकीकडंच चाललीय."

"तुला झोप नाही लागली?"

"अरे, मुक्कामी गाडीला कुणी झोपतं का?"

मग मला आठवले. आक्काचे सासर रस्त्यापासून आत. तिथे रात्रीची शेवटची एसटी मुक्कामाला राही आणि पहाटे सुटे. भाजीची पाटी घेऊन ती गाडी गाठणारी आक्का वर्षानुवर्षे ड्रायव्हर जागा होण्याआधी गाडीपाशी जाऊन बसलेली असे. ती गाडी चुकली, तर मंचरचा बाजार चुके. रात्र जागून, पिशवीवर हात ठेवून, वेळेकडे लक्ष देऊन कसे बसावे, हे तिला शिकवायला मी कागद लिहून दिला होता!

परतताना खेडच्या घाटात उजाडले. पंचांगाचा गुरुवार आता कुठे सुरू झाला होता, आणि आक्का केव्हाच समुद्रापलीकडे गेली होती.